रायगड किनाऱ्यावरची मुंबई आकाशवाणी

रायगड जिल्ह्याला स्वतःचे पूर्ण रेडिओ केंद्र मिळाले नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्याने आपले म्हणून ऐकले ते मुंबईचे केंद्र, त्यातही मुंबई ‘ब’, म्हणजे आजची अस्मिता वाहिनी. मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झ. जुन्या पट्टीवर मोजायचे तर ५३८ मीटरच्या जरा अलीकडे काटा लावायचा. हीच वाहिनी आता मोबाइलवर जगात कुठेही लागते. रेवदंड्यापेक्षा दुबईत अधिक स्वच्छ लागते, असे तिकडे गेलेले लोक सांगतात. रेडिओला नवा जन्म मिळाला, असे याविषयी वारंवार लिहिले जाते आणि ते खोटेही नाही. पण किनाऱ्यावर बसून पाहिले तर हा जन्म थोडा परक्या घरी झालेला दिसतो.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता आणि त्याचा भरवशाचा पल्ला तीसेक मैलांचा. म्हणजे मांडवा, रेवस, अलिबाग हा टापू पहिल्या दिवसापासून त्या पल्ल्यात होता. ऐकायला संच कोणाकडे होते हा भाग निराळा. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला, १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले आणि पुढे १९५७ पासून आकाशवाणी. पोस्टात भरायचा परवाना, चावडीवरचा सार्वजनिक रेडिओ, मग ट्रान्झिस्टर आणि त्याला शिवलेली चामड्याची पिशवी, हे सगळे मराठी घरांना पाठ आहे.

कमी ठाऊक असलेली गोष्ट पाण्याची आहे. मीडियम वेव्हचा आवाज दिवसा जमिनीला धरून जातो, आणि ज्या पृष्ठावरून तो जातो ते विजेचे जितके चांगले वाहक, तितका तो दूर टिकतो. खारे पाणी या बाबतीत कोरड्या जमिनीच्या शेकडो पट, कातळाच्या तर हजारो पट सरस आहे. मालाडच्या बाजूला असलेल्या प्रक्षेपकावरून निघालेला आवाज घाटाकडे जाताना डोंगरांत दमतो. दक्षिणेला मात्र त्याच्यापुढे मोकळा दर्या असतो. त्यामुळे मुंबई ‘ब’ मुरूड-एकदऱ्याला जशी लागे तशी तेवढ्याच अंतरावरच्या देशावरच्या गावात लागत नसे. बोटीवर तर ती किनाऱ्यापेक्षाही छान लागे, कारण तिथे मध्ये झाड नाही, भिंत नाही आणि विजेची तार नाही. रात्री वरच्या हवेचे गणित बदलले की राजकोटची गुजराती, आखाती देशांतली अरबी आणि कुठली कुठली गाणी एकमेकांत मिसळत. तांडेल मंडळी तेव्हा संच आडवा-उभा फिरवून मुंबईला वेगळी काढत. संचात फेराइटची कांडी असते, ती प्रक्षेपकाकडे टोक करून धरली की आवाज पडतो आणि आडवी धरली की उठतो. हे शास्त्र कोणी शिकवलेले नव्हते, पण भरडखोलपासून करंजापर्यंत सगळ्यांना येत होते.

होडीवर रेडिओ नेला जाई तो आधी हवामानासाठी. बंदरावर बावटा चढे तो किनाऱ्यावर असणाऱ्यांसाठी. जाळे टाकून बसलेल्याला समुद्र खवळणार असल्याचा इशारा रेडिओवरूनच मिळे. ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य समुद्रात असलेल्याने ऐकायचे, यातला विनोद खलाशांनी कधीच टिपलेला होता. तरी ते ऐकत आणि बहुतेक वेळा परतत.

घरात रेडिओ दुसऱ्या कामांसाठी असे. सकाळच्या सभेची सुरुवात ज्या धूनने होते ती वॉल्टर कॉफमन यांची म्हणून ओळखली जाते. युरोपातून निर्वासित होऊन १९३४ मध्ये मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार १९३७ पासून इथल्या केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होता. नवगाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यातली बेने इस्राएल ज्यू मंडळीही सकाळी हीच धून ऐकून उठत असणार, हा योगायोग कोणाच्या ध्यानात आला होता की नाही कोण जाणे. मग बातम्या, शेतीच्या गोष्टी, दुपारी वनिता मंडळ, संध्याकाळी कामगार सभा. ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकेतले प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावोजी हे तिघे वर्षानुवर्षे घरोघर येऊन गेले. कुडतरकर २०२० मध्ये वारले तेव्हा ज्यांनी त्यांचा चेहरा कधी पाहिला नव्हता अशा म्हाताऱ्या बायका घरचे माणूस गेल्यासारख्या बोलत होत्या.

‘आपली आवड’ हा प्रकार थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण पुढे ऑनलाइन काय बदलले ते त्यावरून कळते. गाण्याची फर्माईश पोस्टकार्डावर जाई. कार्डाच्या मजकुरात गाण्याला एक ओळ आणि नावांना उरलेली सगळी जागा. घरातल्या शेंबड्या पोरापासून शेजारच्या आजीपर्यंत सगळी नावे कोंबायची, शेवटी गाव, तालुका, ‘जिल्हा कुलाबा’. १९८१ नंतर ‘जिल्हा रायगड’. निवेदक ती नावे एका दमात वाचत, आणि गाणे कोणते लागते यापेक्षा नाव वाचले जाते की नाही यासाठी माणसे कान लावून बसत. साखर-आक्षी, थेरोंडा, कोर्लई अशी नावे मुंबईच्या निवेदकाच्या तोंडी आली की गावात दोन दिवस तीच चर्चा. नाव चुकीचे वाचले तरी चाले. कोर्लईची ‘कोरलाई’ झाली तर तेवढेच हसायला निमित्त मिळे.

हा सगळा काळ संपला तो इंटरनेटमुळे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. इंटरनेट येण्याच्या आधीच मीडियम वेव्ह किनाऱ्यावर ऐकण्यालायक उरली नव्हती. केबल आणि टीव्हीने वेळ खाल्ला हे खरेच, पण ज्यांना ऐकायचे होते त्यांनाही ऐकता येईना, याचे कारण खरखर. स्वस्तातले सीएफएल दिवे, मग एलईडी, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स ही सारी उपकरणे सूक्ष्म विजेचा गोंगाट करतात, आणि तो नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पसरतो. विजेच्या तारा हा गोंगाट घरोघर वाहून नेतात. एकाने नवा चार्जर लावला की तीन घरांपलीकडचा रेडिओ गुणगुणू लागतो, आणि त्या रेडिओवाल्याला वाटते संच बिघडला. तो संच दुरुस्तीला टाकतो, दुरुस्तीवाला धूळ झटकून परत देतो, खरखर तशीच. शेवटी संच माळ्यावर जातो.

या किनाऱ्याला विजेच्या अशा गोंगाटाचा अनुभव उलट्या बाजूने फार पूर्वी होता. कुलाब्याच्या वेधशाळेतली भूचुंबकीय निरीक्षणे मुंबईत येऊ घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांनी बिघडणार म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आणले गेले, आणि चुंबकाला न खेचणारा दगड निवडून तिथे इमारत बांधली. चुंबकाच्या काट्यासाठी एवढी काळजी घेतली गेली. रेडिओच्या काट्यासाठी कोणी घेतली नाही. दिवे आणि चार्जर किती गोंगाट करू शकतात याचे नियम कागदावर असले तरी बाजारातल्या पन्नास रुपयांच्या चार्जरला ते कोण लावणार?

एफएमने ही उणीव अर्धी भरली. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो नजरेच्या रेषेत जातो. मुंबईचे एफएम उरण, मांडवा, अलिबागला खाडीपलीकडून सुरेख लागते. पुढे डोंगराच्या सोंडा समुद्रात उतरू लागल्या की एका वळणावर लागते, दुसऱ्या वळणावर गायब. श्रीवर्धन-दिवेआगरकडे तर त्याचा भरवसा नाही. मधल्या काळात डीडी फ्री डिशच्या छत्रीवर टीव्हीतून रेडिओ ऐकण्याची सोय झाली. काळा पडदा आणि आवाज, असा तो प्रकार होता. रेडिओ ऐकायला टीव्ही लावायचा हे लोकांना पटले नाही.

मग मोबाइल आला. प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर देशभरातल्या दोनशेहून अधिक वाहिन्या थेट ऐकता येऊ लागल्या. २०२१ च्या सुमारास प्रसार भारती या श्रोत्यांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध करत असे. शहरांच्या यादीत पुणे सतत वरच्या जागी असे, आणि मराठी वाहिन्यांना परदेशांतूनही श्रोते असल्याचे दिसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ सुरू झाले, त्यातही आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत. खर्चही फार नाही. ६४ किलोबिटचा प्रवाह तासभर ऐकला तर तीस एमबीच्या आत भागते; दीड-दोन जीबीच्या रोजच्या डेटात ते जाणवतसुद्धा नाही. ज्या घरात दहा-पंधरा वर्षे अस्मिता लागली नव्हती तिथे ती पुन्हा लागली, तीही खरखरीशिवाय. तानपुऱ्याचा झंकार आणि निवेदकाने घेतलेला श्वास ऐकू येऊ लागला. मीडियम वेव्हवर हे कधीच ऐकू आले नव्हते, अगदी चांगल्या दिवसांतही. जुन्या रेडिओच्या आठवणींत रमणारे ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

ऑनलाइन रेडिओची एक गंमत मात्र किनाऱ्यावर अजून पचलेली नाही. आवाज आधी संगणकात शिरतो, तुकडे होऊन निघतो, मोबाइलमध्ये थोडा साठतो आणि मग वाजतो. या सगळ्यात काही सेकंद जातात, कधी अर्धा-पाऊण मिनिट. एकाच खोलीत ट्रान्झिस्टर आणि मोबाइल दोन्ही लावले तर एकीकडे बातम्या सुरू झालेल्या असतात आणि दुसरीकडे जाहिरात चालू असते. पूर्वी तासाच्या टोल्यावर लोक घड्याळे लावत. मोबाइलवरचा टोला ऐकून घड्याळ लावले तर ते मागे पडेल. आता घड्याळ मोबाइलमध्येच असल्यामुळे याने कोणाचे काही अडत नाही, पण ‘आत्ता’ म्हणून जे ऐकायचे ते प्रत्येकाला वेगवेगळ्या ‘आत्ता’ला ऐकू येते, हे विचित्र आहे खरे.

आता ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या, हे नशीब. वाड्यांचे मात्र होत्याचे नव्हते झाले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, अलिबाग या तालुक्यांत पोफळी काडीसारख्या मोडल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब रांगेने आडवे झाले. काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे काही वाऱ्याने गेले, काही वीज नसल्यामुळे बॅटरी संपून मुके झाले.

रेवदंड्याजवळच्या एका गावात प्रस्तुत लेखकाचे घर आहे, आणि टाळेबंदीमुळे त्या वेळी तो तिथेच होता. त्या संध्याकाळी गावात एकही मोबाइल लागत नव्हता. वादळ गेले की परत फिरणार, मुंबईचे काय झाले, रस्ते बंद आहेत की चालू, कोणालाच काही माहीत नव्हते. अ‍ॅप प्रत्येकाच्या खिशात होते आणि ते गोल गोल फिरत होते. मग शेजारच्या माळ्यावरचा ट्रान्झिस्टर आठवला. तो काढला तर आतले सेल कधीचे फुटलेले, स्प्रिंगांवर हिरवट पांढरा गंज. पॉलिश पेपरने स्प्रिंगा घासल्या, राहिलेला गंज लिंबाच्या फोडीने पुसला. संचाला मोठे सेल हवेत आणि गावात दुकान उघडे नाही. घरात होते ते भिंतीवरच्या घड्याळांतले आणि रिमोटमधले पेन्सिल सेल. व्होल्टेज दोन्हींचे सारखेच, दीड. फरक जाडीचा आणि लांबीचा. वर्तमानपत्राची सुरळी गुंडाळून पेन्सिल सेल जाड केले, लांबीची कसर भरायला टोकाला चॉकलेटच्या चांदीचा गोळा ठोसला. झाकण बसेना, ते दोरीने बांधले.

संच लागला, आणि लागला तो असा की खोलीतले सगळे गप्प झाले. खरखर नव्हती. कणभरही नव्हती. कितीतरी वर्षांत मुंबई इतकी स्वच्छ लागली नव्हती. थोड्या वेळाने कारण ध्यानात आले. सबंध किनाऱ्यावर वीज नव्हती. ना दिवे, ना चार्जर, ना इन्व्हर्टर. ज्या गोंगाटाने मीडियम वेव्ह मारली होती तो वादळाने एका दुपारी पुसून टाकला होता, आणि पाण्यावरून येणारा आवाज पूर्वीसारखा सरळ घरात आला होता. हे आश्चर्य फार टिकले नाही, कारण बातम्यांतून कळले ते एवढेच की मुंबई बचावली. त्या दिवशी सगळ्याच माध्यमांचा सूर तो होता. वादळ मुंबईवर जाणार म्हणून देश श्वास रोखून बसलेला; ते थोडे खाली सरकले तेव्हा देशाने सुटकेचा नि:श्वास सोडला. खाली म्हणजे कुठे, तर इथे. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारले, “आपल्याकडचं कधी सांगतील?” उत्तर कोणाकडे नव्हते. आपल्याकडचे सांगायला आपल्याकडून कोणाला फोनच लागत नव्हता.

ही खंत अजून गेलेली नाही, आणि ती अमुक एका बातमीपत्रावर काढण्यातही अर्थ नाही. किनाऱ्याने जवळपास शंभर वर्षे ऐकले ते दुसऱ्या शहराचे केंद्र. आवाज कितीही स्वच्छ आला तरी तो मुंबईच्या खिडकीतून पाहणार. ऑनलाइन झाल्याने यात फरक पडत नाही, उलट श्रोता अमेरिका-आखातापर्यंत पसरला की जवळच्या गावाचे नाव घेण्याची गरज आणखी कमी होते. गाण्यांच्या कार्यक्रमांत आता फर्माइशी मोबाइलवरून येतात, नावे थोडकी, गाव कधी असते कधी नसते. पोस्टकार्डावर गाव लिहिल्याशिवाय चालत नसे.

समुद्रातली गोष्ट वेगळ्या वाटेने सुटत आली आहे. किनारा सोडून थोडे आत गेले की मोबाइल मुका होतो, त्यामुळे अ‍ॅपवरचा रेडिओ होडीवर निरुपयोगी. पण ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला केंद्र सरकारने मासेमारी बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू केली. किनारी राज्यांत मिळून एक लाख बोटींवर ते बसवायचे आहेत. त्यावर वादळाचा इशारा लेखी येतो आणि बोटीवरून संकटाचा संदेश परत धाडता येतो. रेडिओला हे दुसरे कधीच जमले नव्हते. इशाऱ्यापुरते पाहिले तर मीडियम वेव्हसाठी गळा काढण्याचे कारण उरत नाही. ट्रान्सपाँडर गाणी मात्र लावत नाही. जाळे टाकून रात्र काढणारे खलाशी आता मेमरी कार्डात भरून नेलेली कोळीगीते लावतात. त्यात पुढचे गाणे कोणते हे आधीच ठाऊक असते.

सरकारचा कल एफएमकडे आणि ऑनलाइनकडे आहे. एप्रिल २०२३ मध्ये शंभर वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत मंजूर झालेल्या अडीच हजार कोटींच्या योजनेत एफएमचा आवाज देशाच्या ५९ टक्के भूभागावरून ६६ टक्के भूभागावर नेण्याचे ठरले होते. मीडियम वेव्हचे मोठे प्रक्षेपक वीज खातात, त्यांची देखभाल महाग, सुटे भाग मिळत नाहीत, आणि एकेकाखाली एकरांनी जमीन अडकलेली. मुंबईत एकराचा भाव काय हे सांगायला नको. मीडियम वेव्ह डिजिटल करण्याचाही प्रयोग झाला. डीआरएम नावाच्या या पद्धतीचे तीसहून अधिक प्रक्षेपक आकाशवाणीने उभारले. तिचा आवाज एफएमसारखा स्वच्छ आणि पल्ला मीडियम वेव्हचा, म्हणजे किनाऱ्याला हवे तेच. पण ती पकडणारा साधा, स्वस्त संच बाजारात आलाच नाही. काही नव्या मोटारींत तो बसवून येतो. होडीत बसवता येईल असा संच बाजारात मागून पाहावा. दुकानदार ब्लूटूथचा स्पीकर पुढे करतो.

शंभर वॉटचा एक छोटा एफएम प्रक्षेपक मुरूड किंवा श्रीवर्धनच्या टेकाडावर, सोबत डिझेलचे जनित्र आणि दिवसातून दोन तास तालुक्याचे बोलणारा एखादा माणूस, एवढे झाले तर दहा नव्या ऑनलाइन वाहिन्यांपेक्षा किनाऱ्याच्या उपयोगी पडेल. तोवर घरी सेलवर चालणारा एक संच ठेवावा. सेल आत घालून ठेवू नयेत, बाजूला डबीत ठेवावेत आणि पावसाळ्यापूर्वी एकदा लावून पाहावा. खिडकीशी, चार्जर आणि एलईडीपासून हातभर दूर धरला तर दिवसाउजेडी मुंबई आजही पकडता येते. प्रस्तुत लेखकाच्या घरी हा संच फडताळात आहे. रोज सकाळी लागतो तो मोबाइल, कारण त्यावर आवाज चांगला येतो.